धक्क्यांत वायां जाणाऱ्या शक्तीची वसुली

ट्रक, टेंपो किंवा मोटार बाळगणारा शेतकरी गाडीचा खर्च लिहूं लागला म्हणजे डिझेल, वंगण, टायर, ड्रायव्हरचा पगार, विमा व दुरुस्ती अशीं सदरें घालतो. डिझेलच्या सदराखालीं पडलेली रक्कम माल वाहून नेण्यांत खर्ची पडली अशी त्याची समजूत असते. ती समजूत अपुरी आहे. त्या रकमेचा मोठा भाग इंजिनाच्या उष्णतेंत जातो, कांहीं वारा कापण्यांत जातो व कांहीं टायर दबण्यांत जातो, हें आतां पुष्कळांस ठाऊक झालें आहे. परंतु खड्ड्यांतून व उंचवट्यांवरून जातांना गाडी वरखालीं होते त्या हेलकाव्यांतही शक्ति खर्च होते. तीही डिझेलांतूनच येते, आणि तिची नोंद मात्र कोणत्याच वहींत होत नाहीं. ही शक्ति परत मिळवितां येईल काय, मिळाली तर किती, आणि तिच्या मागें लागण्यांत शेतकऱ्याचें हित आहे काय, याचा विचार येथें करावयाचा आहे. प्रस्तुत लेखकाची सर्व नोकरी महसूल खात्यांत गेल्यामुळें 'आकारणी' व 'वसुली' हे शब्द त्याच्या लेखणींतून सहज उतरतात. त्याबद्दल वाचकांनीं क्षमा करावी.

प्रथम धक्का कोठें जातो तें पाहूं. गाडीचा सांगाडा आणि चाकें यांच्यामध्यें कमानी असतात. ट्रकला पोलादी पाट्यांच्या, मोटारीस बहुधा वेटोळ्याच्या. चाक उंचवट्यावर चढलें कीं कमान दबते, आणि धक्का थेट मालास व माणसास न लागतां तिच्यांत सांठतो. पण घेतलेलें परत करावयाचें असा कमानीचा स्वभाव आहे, आणि एकदां परत करून ती थांबत नाहीं. दबते, उसळते, पुन्हां दबते. तिला असेंच मोकळें सोडलें तर गाडी बराच वेळ डोलत राहील, चाकें जमिनीवरून सुटतील, आणि सुटलेल्या चाकावर ब्रेक व स्टिअरिंग यांचा कांहीं एक अंमल चालत नाहीं. म्हणून कमानीच्या जोडीस तेलानें भरलेली एक नळी बसवितात. तिचें नांव शॉक-ॲब्सॉर्बर. आपल्याकडील मिस्त्री तिला 'शॉकअप' म्हणतात. नळींत दट्ट्या असतो व दट्ट्यास बारीक छिद्रें आणि झडपा असतात. चाक वरखालीं झालें कीं दट्ट्या तेलांतून सरकतो, तेल त्या चिंचोळ्या वाटेनें मोठ्या कष्टानें इकडून तिकडे जातें, आणि या ओढाताणींत हेलकाव्याची शक्ति उष्णतेंत रूपांतर पावून वाऱ्यावर जाते. नळीचें काम एवढेंच.

ही केवळ पुस्तकी गोष्ट नव्हे. खडबडीत रस्त्यावर वीस-पंचवीस किलोमीटर चालून आलेली गाडी उभी करावी व प्रत्येक नळीस हाताची पाठ हलकेच लावून पाहावी. (धुराची नळी जवळ असेल तर तिला हात लागूं देऊं नये.) चांगली नळी ऊन लागते. एखादी बाकीच्यांहून स्पष्टपणें गार लागली तर तिच्यांतील तेल गळालें किंवा झडप निकामी झाली असा संशय धरावा. कारण जी नळी तापत नाहीं ती काम करीत नाहीं. प्रस्तुत लेखकाच्या एका आप्तांच्या भाजीच्या टेंपोची मागील उजवी नळी अशीच गार आढळली, आणि त्या बाजूचा टायर वर्षभर ठिकठिकाणीं कां झिजत होता याचा उलगडा झाला.

या उष्णतेचें माप काढणें कठीण नाहीं. मध्यम मोटारीच्या एका नळीचा अडथळा सेकंदास एक मीटर वेगाला सुमारें १५०० न्यूटन धरला, आणि दट्ट्या सेकंदास २० सेंटिमीटर वेगानें हलतो असें मानलें, तर एका नळींत ६० वॉट व चारींत मिळून २४० वॉट उष्णता होते. छतास टांगलेले साधे तीन पंखे चालावे इतकी ही शक्ति आहे. दट्ट्याचा वेग दुप्पट झाला तर उष्णता दुप्पट न होतां चौपट होते. ४० सेंटिमीटर वेगाला हीच बेरीज ९६० वॉटवर जाते. रस्ता थोडासा बिघडला तरी नुकसान कसें भराभर वाढतें हें यावरून ध्यानीं येईल.

आतां या विषयांतील मुख्य मुद्दा. ही शक्ति आकाशांतून पडत नाहीं. चाक उंचवट्याच्या चढावर असतें तेव्हां तो उंचवटा चाकास मागें रेटतो, व तें रेटणें इंजिनास सोसावें लागतें. पलीकडच्या उतारावर तोच उंचवटा चाकास पुढें ढकलतो. दोन्ही रेटे सारखे असते तर हिशेब तेथेंच फिटला असता. परंतु मधल्या क्षणांत नळींतील तेलानें आपला वाटा उष्णतेच्या रूपानें काढून घेतलेला असतो, म्हणून परतावा नेहमीं कमी येतो. ती तूट डिझेलनें भरून निघते. सारांश, धक्क्यांतून मिळणारी वीज ही फुकटची वीज नव्हे. ती आपणच आधीं पंपावर भरलेल्या रकमेचा कांहीं परतावा होय. वर्तमानपत्रांतून या विषयावर जें लिहून येतें त्यांत ही गोष्ट बहुधा गाळलेली असते, आणि त्यामुळें खड्डा म्हणजे जणूं विजेची खाणच असा भ्रम उत्पन्न होतो.

परतावा मिळविण्याचे प्रयत्न जुने आहेत. अमेरिकेंतील टफ्ट्स विद्यापीठांत रोनाल्ड गोल्डनर व त्यांचे सहकारी यांनीं तेलाच्या नळीऐवजीं लोहचुंबक व तारेचीं वेटोळीं यांची नळी कल्पिली, आणि तिचा प्राथमिक अभ्यास २००१ मध्यें प्रसिद्ध केला. चुंबक वेटोळ्यांतून वरखालीं झाला कीं तारेंत वीज उत्पन्न होते, व तीच वीज चुंबकाच्या हालचालीस अडविते. म्हणजे हेलकावा थांबविणें व वीज काढणें हीं दोन्ही कामें एकदम होतात. योजना सुंदर आहे. पण चाकाचा वरखालीं वेग मंद असल्यामुळें पुरेसा अडथळा निर्माण करावयास चुंबक जड व महाग लागतात.

त्यानंतर २००९ मध्यें मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या संस्थेंतील कांहीं विद्यार्थ्यांनीं निराळी वाट धरली. त्यांनीं निरनिराळ्या गाड्यांच्या कमानींस मोजमापाचीं साधनें बांधलीं व गाड्या रस्त्यांवर फिरवून कमान किती व कशी हलते याची नोंद घेतली. प्रथम मोजणी, मग आकारणी, हा क्रम प्रस्तुत लेखकास फार पसंत पडला. नंतर त्यांनीं तेलाची नळी तशीच ठेविली. मात्र तेल छिद्रांतून न दवडतां एका लहान चक्रावरून नेलें व त्या चक्रास विजेचें जनित्र जोडलें. धबधब्याखालीं चक्र फिरवून वीज करतात, तसाच हा प्रकार नळीच्या आंत केलेला आहे. विजेची बाजू बिघडली तर नळी साध्या शॉकअपप्रमाणें काम करीत राहील अशीही तजवीज त्यांनीं ठेविली होती. सहा नळ्यांच्या जड ट्रकवर साध्या रस्त्यानें प्रत्येक नळीमागें सरासरीनें १ किलोवॉटपर्यंत वीज मिळूं शकते असें त्यांचें म्हणणें होतें. जाहिरातींतील 'पर्यंत' हा शब्द व्यवहारी माणसानें कमाल आकार समजावा. प्रत्यक्ष पदरांत पडणारी रक्कम त्याच्या आंतच राहते. या विद्यार्थ्यांनीं लेव्हंट पॉवर नांवाची कंपनी काढली, व पुढें तिचें नांव क्लिअरमोशन झालें.

तिसरी वाट न्यूयॉर्क राज्यांतील स्टोनी ब्रूक विद्यापीठांत लेई झुओ यांनीं काढली, आणि ती आपल्या वाचकांस सर्वांत लवकर समजेल. चाक वर जातें व खालीं येतें, म्हणजे त्याची हालचाल उलटसुलट. जनित्राला मात्र एकाच दिशेनें फिरणें मानवतें. दर क्षणीं दिशा बदलली तर दांतेरी चक्रें झिजतात आणि हाती कमी लागतें. सायकलच्या मागील चाकास जें फ्रीव्हील असतें तें पायडल पुढें मारल्यास चाक फिरवितें व मागें फिरविल्यास नुसतें टकटक करीत मोकळें फिरतें. अशीं दोन एकमार्गी चक्रें झुओ यांच्या मंडळींनीं अशा युक्तीनें बसविलीं कीं चाक वर जातांना एक पकडतें व खालीं येतांना दुसरें पकडतें, आणि जनित्र दोन्ही वेळां एकाच दिशेनें फिरतें. साधारण मोटार ताशीं ६० मैल वेगानें चांगल्या व मध्यम रस्त्यांवरून जात असतां तिच्या चार नळ्यांत मिळून १०० ते ४०० वॉट शक्ति उपलब्ध असते, असा त्यांचा २०१३ मध्यें प्रसिद्ध झालेला अंदाज आहे. वर आम्हीं मांडलेले २४० वॉट या मर्यादेंत बसतात. मात्र ही आकारणी झाली. दांतेरी चक्रें, जनित्र व बॅटरी हे तिघे वाटेवरचे मानकरी आपापला हक्क घेतल्याशिवाय रक्कम पुढें जाऊं देत नाहींत.

प्रत्यक्ष वसुलीचे आंकडे जर्मनींतील ऑडी कंपनीनें २०१६ मध्यें दिले. तिनें आपल्या नमुन्यांत मागील चाकांच्या उभ्या नळ्या काढून टाकल्या व आडवीं विजेचीं यंत्रें बसविलीं. चाकाची हालचाल तरफेनें व दांतेरी चक्रांनीं या यंत्रांकडे नेली. जर्मन रस्त्यांवर सरासरीनें १०० ते १५० वॉट वीज मिळाली. नव्यानें डांबर केलेल्या महामार्गावर ती ३ वॉट होती, आणि खडबडीत आडरस्त्यावर ६१३ वॉट होती. या दोन आंकड्यांकडे वाचकांनीं थोडा वेळ पाहावें. जो रस्ता चांगला तो गाडीकडून जवळजवळ कांहींच घेत नाहीं, म्हणून परत देण्यासारखें त्याच्यापाशीं कांहीं नसतें. जो ६१३ वॉट परत देतो त्यानें त्याहून कितीतरी अधिक आधींच घेतलेलें असतें.

याची डिझेलच्या भावांत किंमत करूं. एक लिटर डिझेलमध्यें उष्णतेच्या रूपानें सुमारें १० युनिट शक्ति असते. चांगलें इंजिन तिच्यापैकीं साडेतीन युनिट चाकाकडे पोहोंचवितें, आणि गाडीचें नेहमींचें जनित्र त्यांतून वीज करतांना आणखी बराच भाग गमावितें. शेवटीं लिटरमागें दोन युनिट वीज हातीं लागते. म्हणजे गाडीवरची एक युनिट वीज अर्ध्या लिटरला पडते. आतां १२५ वॉट सरासरी धरली तर आठ तासांच्या प्रवासांत एक युनिट वीज वसूल होते, म्हणजे अर्धा लिटर डिझेल वांचतें. दुसऱ्या वाटेनें ताळा पाहूं. या यंत्रानें किलोमीटरमागें कार्बन वायु ३ ग्रॅमपर्यंत कमी निघतो असें ऑडीनें सांगितलें. आठ तासांत ४०० किलोमीटर झाले तर १२०० ग्रॅम. एक लिटर डिझेल जळून सुमारें २६५० ग्रॅम वायु निघतो, तेव्हां बचत साडेचार दशांश लिटरच्या आसपास येते. दोन निरनिराळ्या बाजूंनीं केलेली बेरीज इतकी जुळलेली पाहून जुन्या कारकुनास समाधान वाटल्यावांचून राहत नाहीं. पण बचत किती? चारशें किलोमीटरला पंचवीस-सव्वीस लिटर डिझेल पिणाऱ्या मोटारीला अर्धा लिटर, म्हणजे शंभरांत दोन. वर्षाकाठीं पंचवीस हजार किलोमीटर धांवणाऱ्या गाडीस तीस-एकतीस लिटर. एवढ्या रकमेसाठीं चार महाग यंत्रें विकत घेणें, त्यांचें वजन आयुष्यभर वाहणें आणि बिघडल्यावर त्यांचा मिस्त्री शोधीत शहरभर हिंडणें परवडेल काय, याचा निवाडा वाचकच करूं शकतील.

याच कारणानें हीं यंत्रें आज सामान्य गाड्यांत दिसत नाहींत. शिवाय आणखी एक अडचण आहे. नळीचें पहिलें कर्तव्य हेलकावा आवरण्याचें; वीज काढणें हें दुय्यम. जनित्राचें फिरतें वजन एकदम वेग घेत नाहीं, त्यामुळें खड्डा तीक्ष्ण असला तर यंत्र अडून बसतें व धक्का वर पोहोंचतो. वीज अधिक निघावी म्हणून अडथळा वाढविला तर प्रवास कठीण होतो, कमी केला तर चाक उसळतें. प्रसिद्ध ध्वनियंत्रांचे कारखानदार अमर बोस यांनीं १९८० पासून विजेच्या यंत्रांवर चालणारें सस्पेन्शन तयार करण्याचा प्रयत्न केला. (त्यांचे वडील बंगालमधील स्वातंत्र्यवादी असून इंग्रज सरकारच्या ससेमिऱ्यामुळें अमेरिकेस गेले होते.) बोस यांचीं यंत्रें वीज घेऊन चाक हलवीत व त्या हालचालींत कांहीं वीज परतही करीत. २००४ मध्यें तें लोकांसमोर आलें तेव्हां पाहणारे थक्क झाले. परंतु वजन व किंमत यांमुळें तें कोणत्याही विक्रीच्या मोटारींत बसलें नाहीं. २०१७ मध्यें तें तंत्र क्लिअरमोशननें विकत घेतलें.

शेतकऱ्यास या प्रकरणीं सर्वांत जवळचें वाहन म्हणजे ट्रॅक्टर व ट्रॉली. सर्वांत वाईट रस्त्यावर सर्वांत जड ओझें तीच ओढतात, तेव्हां वसुलीही तेथेंच मोठी होईल असें प्रथमदर्शनीं वाटतें. पण तेथें वसुली करावयास जागाच नाहीं. नेहमींच्या ट्रॅक्टरचा मागील आंस सांगाड्यास घट्ट जखडलेला असतो. त्यास कमान नाहीं, शॉकअप नाहीं. धक्का टायरच्या रबरांत, बैठकीच्या स्प्रिंगांत व चालकाच्या कंबरेंत जिरतो. ब्रिटनमध्यें जेसीबी कंपनीनें १९९१ मध्यें दोन्ही आंसांना कमानी असलेला फास्टट्रॅक नांवाचा ट्रॅक्टर बाजारांत आणला, पण आपल्या शिवारांतील ट्रॅक्टर त्या जातीचे नव्हेत. ट्रॉलीस कमानी असल्या तर त्या पाट्यांच्या असतात, आणि तेथें पाट्यावर पाटा घासून हेलकावा मरतो. त्या घासण्याच्या उष्णतेस गोळा करण्याची कोणतीही युक्ति निघालेली नाहीं.

याच जातीची दुसरी एक योजना मधून मधून ऐकूं येते. ती म्हणजे रस्त्यावरील गतिरोधकाखालीं यंत्र ठेवून त्यावरून जाणाऱ्या वाहनांच्या दाबानें वीज करण्याची. हिचा उल्लेख येथें अशाकरितां कीं लोक दोहोंची गल्लत करतात. शॉकअपमधील यंत्र जी उष्णता नाहींतरी वाया जाणार तिच्यांतून घेतें. गतिरोधकाखालील यंत्र मात्र जाणाऱ्या गाडीला नवा चढ चढावयास लावतें आणि त्या चढाचें डिझेल गाडीवाल्याच्या टाकींतून काढतें. घाटाच्या पायथ्याशीं, जेथें गाडीस ब्रेक लावावाच लागतो, तेथें तिला कांहीं अर्थ असेल. सपाट रस्त्यावर तो एक न सांगतां बसविलेला कर आहे.

वसुलीहून तूटच कमी करणें शेतकऱ्यास सोपें पडतें. निकामी नळी वेळेवर बदलावी. टायरमध्यें कारखान्यानें सांगितलेला दाब ठेवावा. ओझें एका बाजूस झुकूं देऊं नये. आणि शेतापासून डांबरी सडकेपर्यंतची जी पाणंद, तिच्यांतील चाकोऱ्या पावसाळा सरतांच मुरूम घालून भराव्या. नांगरणींत शेजाऱ्यानें वाट खणून टाकली असेल तर आधीं गांवनकाशा पाहावा. गाडीवाट त्यांत दोन तुटक रेषांनीं दाखविलेली असते. वहिवाटीची वाट अडविली गेल्यास मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६ याच्या कलम ५ अन्वयें तहसीलदारांकडे दाद मागतां येते, पण अडथळा झाल्यापासून सहा महिन्यांच्या आंत. ही मुदत उलटून गेल्यावर आलेले अर्ज प्रस्तुत लेखकानें कचेरींत पुष्कळ पाहिले आहेत.

हीं यंत्रें पुढें आलींच तर प्रथम जड व लांब पल्ल्याच्या वाहनांवर येतील, आणि त्यांतही जीं वाहनें वाटेंत वीज खातात त्यांवर. द्राक्षें, दूध किंवा मासळी नेणारा शीतपेटीचा ट्रक हें त्याचें उत्तम उदाहरण होय. तेथें निघालेली वीज लागलीच थंडावा राखण्याच्या कामीं येते. साध्या ट्रकमध्यें दिवे, पंखा व बॅटरी भागल्यावर उरलेल्या विजेचें करावें काय हाच प्रश्न पडतो. असा ट्रक घेणाऱ्या सोसायटीपुढें कोणी विक्रेता असें यंत्र घेऊन आलाच, तर त्यानें सांगितलेले वॉट कोणत्या रस्त्यावर, किती ओझ्यानें व कोणत्या वेगानें मोजले हें प्रथम विचारावें. ते नळींत जिरणारे वॉट आहेत कीं बॅटरींत पोहोंचलेले, हें लेखी घ्यावें. आणि वीज बंद पडली तरी नळी हेलकावा आवरते कीं नाहीं, हें ट्रक भरलेला असतां आपल्याच पाणंदीवर चालवून पाहावें.